शाळा कोणी बांधली?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची कौलं-पत्रे उडाले आणि गावोगावच्या शाळा उघड्या पडल्या.

पुढच्या जानेवारीत आम्ही नऊ जण मुंबईहून श्रीवर्धन तालुक्यातल्या एका वाडीवर शाळा उभी करायला गेलो. माणगावला महामार्ग सोडायचा, मग म्हसळ्यावरून वळणावळणाने खाली. वाटेत अजूनही उन्मळलेली झाडं पडलेली. गाडीत आमची भाषा एकच होती, 'आपण गावाला शाळा बांधून देणार'. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

पहिल्याच दिवशी मी चिऱ्याचे तीन थर रचले. संध्याकाळी गवंडीमामा आले, ओळंबा सोडला, हसले आणि तिन्ही थर उतरवले. म्हणाले, "दादा, भिंत डोळ्याने नाय बघायची, ओळंब्याने बघायची." दुसऱ्या दिवसापासून मी घमेली उचलायला लागलो. तेच माझं खरं काम होतं.

कोसळलेल्या बाजूचा राडारोडा काढताना दाराजवळची फरशी सापडली. वर 'जिल्हा परिषद कुलाबा', खाली जागा देणाऱ्याचं नाव आणि त्याखाली मुंबईकर मंडळाचा उल्लेख. एवढ्या चार ओळींत केवढा इतिहास आहे बघा.

श्रीवर्धन हे पेशव्यांचं मूळ गाव, पण १९४८ पर्यंत ते जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या संस्थानात होतं. त्या वर्षी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १ मे १९६२ला राज्यात जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं १९८१ साली. म्हणजे ही इमारत १९६२ ते १९८१ या दरम्यानची. सरकारने मास्तर दिला, पण जमीन एका शेतकऱ्याची, आणि पैसा मुंबईत राबणाऱ्या चाकरमान्यांचा. गावातली एक आजी म्हणाली, "चिरे आम्ही डोक्यावरून आणलेले." आमच्या आधी पन्नासेक वर्षं गावाने स्वतःच शाळा बांधली होती!

बाहेरून येऊन राबण्याची परंपराही जुनी आहे. पिएर सेरेझोल नावाचा स्विस माणूस. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेलं फ्रान्समधलं एक गाव उभारायला त्याने १९२० मध्ये वेगवेगळ्या देशांतली माणसं जमवली. १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा तो मोजके सहकारी घेऊन तिथे आला आणि गावकऱ्यांच्या बरोबरीने घरं बांधू लागला. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' म्हणत पोरांच्या हाती पुस्तकाबरोबर कुदळही दिली. दोघांत एक गोष्ट सारखी आहे. ज्याच्यासाठी काम, त्याचा हात त्या कामात असलाच पाहिजे. नाहीतर ते दान होतं, आणि दानाची वास्तू सांभाळायला कोणी नसतं.

बारा दिवसांत वासे बसले, रीप ठोकली, पत्रे चढले. सुतार-गवंडी गावातलेच, त्यांची मजुरी आम्ही जमवलेल्या वर्गणीतून दिली. आमच्या कामापेक्षा हीच मदत जास्त उपयोगी पडली, असं मला आता वाटतं.

निघताना मी गुरुजींना विचारलं, "पट किती?" म्हणाले, "अकरा."

हा आकडा मी विसरलो नाही. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढायचा विषय सरकारने पुढे आणला, तेव्हा तोच डोळ्यांसमोर आला. कमी मुलांत शिकणं एकाकी होतं, शिक्षक पुरत नाहीत, हे मुद्दे खोटे नाहीत. पण शिक्षण हक्क कायद्याखाली पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी हे आपणच ठरवलंय ना? कोकणात पावसाळ्यात वहाळ भरला की पलीकडची वाडी म्हणजे परमुलूख. गाडी एक दिवस आली नाही, तर सहा वर्षांची पोर कशी जाणार? आणि पहिली शाळा कुणाची सुटते, मुलाची की मुलीची, हे काय सांगायला हवं?

वादळाने नेलेलं छप्पर बारा दिवसांत परत बसतं. पटावरून पुसलेली शाळा परत येत नाही.

म्हणून एक विनंती. गावी गेलात की शाळेला पंखे, बाकं, रंग जरूर द्या. पण आधी पट विचारा. आणि दाराजवळ जुनी फरशी असेल तर ती वाचा. तुमच्या आजोबांचं नाव असेल कदाचित.