रोह्यातून जाणारे आणि राहणारे

रोह्यात पत्ता सांगताना आधी आळी सांगावी लागते. घर नंबर आणि पिनकोड कागदावर असतातच, पण कुरिअरवाला शेवटी फोन करून "कुठली आळी?" एवढंच विचारतो. समोरासमोर घरांच्या दोन रांगा, मधून एक गाडी जेमतेम जाईल एवढा रस्ता, रस्त्याला लागून प्रत्येकाचा ओटा, आत पडवी, माजघर, मागे परसू आणि विहीर. वर मंगलोरी कौलं. कोकणातल्या कुठल्याही जुन्या गावात तुम्ही गेलात तरी हाच नकाशा दिसेल.

आमच्या घराचे पाच हिस्सेदार आहेत. त्यातले चार पनवेल, डोंबिवली आणि पुण्यात असतात. मी आणि आई इथे राहतो. घर पाडून चार मजली इमारत बांधायचा प्रस्ताव आलाय, चौघांच्या सह्या झाल्यात, माझी राहिलीय. फॅमिली ग्रुपवर रोज एकच प्रश्न येतो, "रोह्यात आहे काय?" प्रश्न रागाने विचारलेला असला तरी रास्त आहे. म्हणून जरा मागे जाऊन बघितलं.

आधी नदी. रोहा कुंडलिकेच्या काठावर आहे आणि पलीकडच्या काठावर अष्टमी. नगरपरिषदेचं नाव आजही दोघांचं मिळून आहे, रोहा अष्टमी. पुढे कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळते आणि त्या खाडीच्या तोंडाशी चौल, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचं फार जुनं बंदर. मोठी जहाजं चौलला थांबायची. तिथून लहान होड्या भरतीच्या पाण्याबरोबर आत यायच्या, आणि पाणी जिथे उथळ व्हायचं तिथे माल उतरवून बैलांवर चढवावा लागायचा. ती जागा म्हणजे आपलं गाव. घाटावरून उतरणारा आणि समुद्रातून येणारा, दोघांची गाठ इथे पडायची.

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी 1674 साली इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडला गेला. तो मुंबईहून होडीने चौलला आला, चौलहून खाडीने वर अष्टमीला उतरला आणि तिथून निजामपूरमार्गे पुढे गेला. त्याच्या नोंदीत अष्टमीचं 'एस्थेमी' झालंय. आपल्याला शाळेत रायगडावरचा मुजरा शिकवतात. वकीलसाहेब होडीतून चिखलात उतरले ते आपल्या दारात, हे कुणी सांगत नाही.

म्हणजे हे गाव पहिल्यापासून वाटेवरचं आहे. लोक इथे थांबायचे आणि पुढे निघायचे. आता तर इथलेच लोक निघतात.

निघणाऱ्यांतलं सगळ्यात मोठं नाव चिंतामणराव देशमुखांचं. जन्म 1896 सालचा, महाडजवळच्या नाते गावातला. पण बालपण रोह्यात गेलं. वडील वकील. 1912 च्या मॅट्रिकला चिंतामणराव पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली, मग केंब्रिज, मग आयसीएस, आणि 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. अर्थमंत्री असताना 1952 च्या निवडणुकीत ते आपल्याच कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. (रायगड जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणायचे, नाव 1981 साली बदललं.) मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचं घाटत होतं तेव्हा, 1956 मध्ये, त्यांनी मंत्रिपद सोडलं. माणूस गावातून गेला, पण गावाच्या बाजूने उभं राहायची वेळ आली तेव्हा खुर्ची आडवी आली नाही.

दुसरं नाव पांडुरंगशास्त्री आठवल्यांचं. त्यांचा जन्म रोह्यातच, 1920 चा. त्यांचंही मोठं काम मुंबईतून उभं राहिलं. देशमुखांना 1959 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आठवल्यांना 1996 मध्ये. एवढ्याशा गावाच्या खात्यावर दोन मॅगसेसे, पण दोन्ही बाहेर जाऊन मिळवलेली. हुशार मुलाने रोहा सोडायचं असतं, हे आळीत कुणी वेगळं शिकवत नाही. ते हवेतच असतं.

मुलींचं मात्र वेगळं होतं. मुलाला मुंबईला काकाकडे ठेवता यायचं, मुलीला "कुणाकडे ठेवणार?" या प्रश्नाशी गाडी थांबायची. आज रोह्यात कॉलेज आहे आणि त्याला देशमुखांचंच नाव आहे. सकाळी आळीच्या तोंडाशी उभं राहिलं की तळा, कोलाड, मेढा अशा गावांतून एसटी आणि सहा आसनी रिक्षांनी आलेल्या मुली दिसतात. बाहेर गेलेल्या माणसाच्या नावाने, बाहेर जाता न येणाऱ्यांसाठी कॉलेज निघालं, ही मला त्या नावाची खरी कमाई वाटते. आमच्या वरच्या खोलीत अशा तीन मुली भाड्याने राहतात. इमारत झाली की फ्लॅट असतील, पण त्यांना परवडेल अशी खोली असेल का, ते प्रस्तावात लिहिलेलं नाही.

रोह्याला रेल्वे आली 1986 साली. मध्य रेल्वे इथे संपते आणि कोकण रेल्वे इथून सुरू होते. मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटर. हा सगळा मार्ग जानेवारी 1998 मध्ये खुला झाला. कागदावर आपण शून्य किलोमीटर, पण बऱ्याच लांबच्या गाड्या शून्यावर न थांबताच पुढे जातात. आपल्यासाठी आहे ती दिवा गाडी. तिच्यामुळे डोंबिवलीतला हिस्सेदार गणपतीला येऊ शकतो आणि तिच्यामुळेच तो रविवारी संध्याकाळी परतही जातो. धाटावची एमआयडीसी मात्र उलट्या दिशेने माणसं घेऊन आली. कोल्हापूर, जळगाव, बिहार, उत्तर प्रदेश. आळीतली बंद पडत चाललेली घरं त्यांच्या भाड्याने उघडी राहिली. आमच्या शेजारच्या ओट्यावर आता छठचा ऊस बांधलेला असतो, आणि पोपटी लावायची असली की भांबुर्ड्याचा पाला शोधायला तीच पोरं आधी निघतात.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात उशिरा कळली. मे महिन्यात जिल्ह्यातल्या कितीतरी नद्या दगडांवर येतात. कुंडलिका मात्र वाहते, कोलाडला त्याच पाण्यावर राफ्टिंग चालतं. हे पाणी मुळशीचं आहे. घाटावर मुळा नदी अडवून टाटांनी धरण बांधलं, पाणी डोंगरातून खाली भिऱ्याला सोडलं आणि 1927 पासून तिथे वीज तयार होऊ लागली. वीज मुंबईला गेली, उरलेलं पाणी कुंडलिकेत आलं. जे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं, ते आपल्या पुलाखालून अरबी समुद्राला जाऊ लागलं. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून त्याचे कालवे निघाले, उन्हाळी भात झालं, कारखाने आले.

त्या धरणात मावळातली पन्नासच्या आसपास गावं गेली. 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. तीनेक वर्षं ते लढले, तुरुंगात गेले आणि हरले. त्यांच्या सह्या कुणी मागितल्या नव्हत्या. आपल्या नळाचं पाणी त्यांच्या घरांवरून आलंय, हे कळल्यावर "आमचं वडिलोपार्जित घर" हे शब्द मी जरा जपून वापरते. घर जाणं म्हणजे काय ते त्यांना विचारावं. आमच्यासमोर निदान कागद आहे, पेन आहे, आणि नाही म्हणायची सोय आहे.

मग रोह्यात आहे काय? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघते. देवाला पोलिसांची सशस्त्र सलामी असते, इंग्रजांच्या काळापासूनची. मग पालखी आळ्या-आळ्यांतून फिरते, रात्र उलटून जाते तरी फिरतच असते. बाकी वर्षभर सगळे रोह्यातून बाहेर जातात. त्या दिवशी देव देवळातून बाहेर पडतो आणि आत, दारापर्यंत येतो. त्याला थांबायला जागा लागते. ती जागा म्हणजे ओटा. आरतीचं ताट, रांगोळी, चालून दमलेल्या माणसाला पाणी, सगळं तिथे.

प्रस्तावाच्या नकाशात ओटा नाही. तळमजल्याला पार्किंग आहे आणि रस्त्याच्या बाजूला भिंत.

मी ग्रुपवर उत्तर लिहिलंय. घर पाडायला माझी हरकत नाही. कौलं गळतात, आईला विहिरीवर जाववत नाही, आणि चौघांना त्यांचा हिस्सा मिळायला हवा. दोन अटी आहेत. रस्त्याच्या बाजूला आहे तेवढा ओटा राहील, भिंतीशिवाय. आणि माझ्या हिश्श्यातली एक खोली कॉलेजच्या मुलींना भाड्याने देता येईल, सोसायटी आडवी येणार नाही, हे करारात लिहिलेलं हवं. डोंबिवलीच्या दादाने अंगठा दाखवलाय. बाकी तिघांचे निळे टिक आलेत, उत्तर अजून नाही.