काठीचा घोडा

इतिहास लिहिणाऱ्यांस दफ्तरें प्रिय असतात, खेळणीं नसतात. आणि हें साहजिकहि आहे. सनदा, करार व पत्रें जपून ठेवण्याची व्यवस्था असते; मुलाच्या हातांतलें खेळणें मोडलें कीं तें चुलींत जातें. तथापि एखाद्या मोठ्या चळवळीचें मूळ शोधूं लागलें असतां वाट कधीं कधीं अशा मोडक्या खेळण्यापर्यंत जाऊन पोंचते. वासिली कांडिन्स्की या रशियन चित्रकाराचें उदाहरण या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे.

कांडिन्स्कीचा जन्म १८६६ सालीं मॉस्को येथें झाला. १८७१ मध्यें कुटुंब ओडेसास गेलें. पुढें लवकरच आईबाप विभक्त झाले आणि मुलाचें संगोपन मुख्यतः मावशीनें, एलिझावेटा तिखेयेवा हिनें केलें. संगीत, परीकथा व रशियन वाङ्मय यांची गोडी आपणांस तिच्यामुळें लागली, असें तो कृतज्ञतेनें लिहितो. कायदा व अर्थशास्त्र यांचें अध्ययन करून तो विद्वान् म्हणून मान्यता पावला. पण १८९६ सालीं डोर्पाट विद्यापीठानें देऊं केलेली जागा नाकारून, ऐन तिशींत, चित्रकला शिकण्यासाठीं तो म्यूनिकला गेला. चालून आलेली प्राध्यापकी अशी सोडलेली पाहून आमच्या वाचकांपैकीं पालकवर्गाच्या पोटांत गोळा उठल्यास नवल नाहीं!

१९१३ सालीं त्याच्या आठवणी बर्लिन येथें प्रसिद्ध झाल्या. त्यांचा आरंभ माणसांनीं होत नाहीं, रंगांनीं होतो. आपल्या मनावर पहिला ठसा उमटला तो रसरशीत हिरवा, पांढरा, किरमिजी, काळा आणि पिवळ्या मातीचा रंग यांचा, असें तो सांगतो; आणि हे ठसे तिसऱ्या वर्षापर्यंत मागें जातात. लहानपणीं घरचा गाडीवान त्याला बारीक फांद्यांचे घोडे करून देई. साल मळसूत्री वळणानें सोलून काढल्यामुळें त्या काठीवर तीन रंग दिसत. बाहेरच्या सालीचा तपकिरी-पिवळा रंग मुलाला मुळींच आवडत नसे. आंतल्या सालीचा हिरवा रंग त्याला सर्वांत प्रिय होता. सुकल्यावरहि त्यांत कांहीं जादू उरे. तिसरा रंग लांकडाच्या गाभ्याचा, हस्तिदंतासारखा पांढरा. त्याला ओलसर वास येई, तो चाटावासा वाटे; पण तो लवकरच वाळून निस्तेज होई आणि मुलाचा आनंद तेथेंच मावळे.

दुसरा घोडा शिशाचा होता. मावशी व भाचा शर्यतीचा एक खेळ खेळत. त्यांतला एक अबलख घोडा, पिवळ्या मातीच्या रंगाच्या अंगाचा व फिकट पिवळ्या आयाळीचा, दोघांचाहि अत्यंत आवडता होता. म्हणून पाळी ठरलेली असे: एकदां तो भाच्याचा, पुढच्या वेळीं मावशीचा. पुढें म्यूनिकच्या रस्त्यांत त्याला अगदीं तसाच खराखुरा अबलख घोडा दिसला, आणि त्या परक्या शहरांत आपण घरीं आल्यासारखें त्याला वाटलें.

येथें इतिहासाचा अभ्यासक क्षणभर थबकेल. शेहेचाळीस वर्षांच्या गृहस्थाची तिसऱ्या वर्षाची आठवण पुरावा म्हणून कितपत धरावी? रंगाला वस्तूहून स्वतंत्र असा आत्मिक अर्थ असतो, हा सिद्धान्त त्यानें आठवणींच्या आधींच ग्रंथरूपानें मांडलेला होता; तेव्हां त्याला सोयीचें असें बालपण त्यानें मागाहून रचलें नसेल कशावरून? या शंकेचें पूर्ण निरसन होत नाहीं. तथापि आम्हांस वाटतें कीं रचलेली आठवण बहुधा नीटनेटकी असते. न आवडणारी साल आणि लांकूड चाटण्याची इच्छा सिद्धान्तांतून येत नाहीं. ती हातांतून आणि जिभेवरून आलेली असते.

शिवाय चित्रांची साक्ष आहेच. १९०३ च्या 'निळा स्वार' या चित्रांत पांढरा घोडा कुरणांतून भरधांव जात आहे. फ्रांट्स मार्क याच्या सहकार्यानें १९१२ सालीं काढलेल्या संग्रहग्रंथाचें नांवहि तेंच, आणि मुखपृष्ठावर कांडिन्स्कीनें काढलेला स्वारच होता. १९११ च्या एका चित्रांत, जें आतां रॉटरडॅम येथें आहे, घोडा व स्वार हे थोड्याशा रेषांपुरतेच उरले आहेत. पुढें त्या रेषाहि गेल्या आणि त्यांच्या जागीं वर्तुळें आलीं. पूर्वीं मला घोडा जसा आवडे तसें आतां वर्तुळ आवडतें, अशा अर्थाचें त्याचें स्वतःचेंच सांगणें आहे. १९२२ च्या डिसेंबरांत कलकत्त्यास 'इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट' या संस्थेनें भरविलेल्या प्रदर्शनांत त्याचीं चित्रें आलीं होतीं, म्हणजे आपल्या देशालाहि तो अगदींच परका नाहीं.

अशा चित्रापुढें उभे राहिलें कीं सुशिक्षित मनुष्य विचारतो, "यांत आहे तरी काय?" हा प्रश्न आम्हांस अयोग्य वाटत नाहीं, पण आपल्या अंगणांत काठीवर बसून धांवणाऱ्या मुलाला तो कोणी विचारीत नाहीं. त्या काठीला पाय नसतात, डोळे नसतात, आयाळ नसते. धांव मात्र असते, आणि मुलाला तेवढ्यानें घोडा पुरा होतो. कांडिन्स्कीनें मोठेपणीं केलें तें याहून फारसें निराळें नव्हे. खेळण्याचें हुबेहूब चित्र काढून त्यानें बालपण आठवलें नाहीं. खेळण्यांतली धांव आणि त्याचा रंग तेवढा राखला व बाकीचें गळूं दिलें. ज्या कलेला लोक कोरडी व बुद्धीची म्हणतात, तिच्या मुळाशीं असा ओला गाभा आहे.

१९४४ सालीं पॅरिसजवळ कांडिन्स्की वारला. त्याचीं चित्रें आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. घोडे करून देणाऱ्या त्या गाडीवानाचें नांव आठवणींत येत नाहीं. मावशीचें येतें, आणि तिच्याविषयींची एक गोष्ट आमच्या मनांतून जात नाहीं. मुलाचें समाधान व्हावें म्हणून तिनें तो अबलख घोडा त्याला कायमचा देऊन टाकला नाहीं. आपली पाळी आली कीं ती तो मागून घेई; कारण तिलाहि तो तितकाच हवा असे.