'विचार करावा' ते 'पायी निघा' : पंधरा दिवस

पोरगं परदेशात शिकतंय अशा प्रत्येक घरानं २०२२ च्या या तारखा लक्षात ठेवाव्यात.

१५ फेब्रुवारी. कीव्हमधल्या भारतीय दूतावासाचा सल्ला आला : ज्यांचं राहणं गरजेचं नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं युक्रेन सोडण्याचा विचार करावा. मेडिकलची पोरं अडकली ती इथंच. वर्ग ऑनलाइन होणार की नाही ते ठरेना, विमानाची तिकिटं महागलेली. मग विचारच चालू राहिला.

२० तारखेला भाषा बदलली : सगळ्याच विद्यार्थ्यांनी निघावं. २२ ला सांगितलं, ऑनलाइन वर्गांच्या निर्णयाची वाट बघू नका. २४ ला पहाटे रशियाचा हल्ला झाला आणि विमानं बंद!

१ मार्चला खारकीव्हमध्ये तोफांच्या माऱ्यात कर्नाटकचा एक विद्यार्थी गेला. २ मार्चचा सल्ला : खारकीव्ह ताबडतोब सोडा, गाडी मिळत नसेल तर पायी निघा, संध्याकाळी सहाच्या आत पेसोचिन, बाबाय, बेझल्युदोव्का यापैकी एक गाव गाठा.

'ऑपरेशन गंगा'त सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत आले. काम मोठंच झालं. पण जीव टांगणीला लागला तो पहिल्या सल्ल्यातल्या मवाळ शब्दांमुळे.

सरकारी भाषा जपून बोलते, कारण ती यजमान देशही वाचत असतो. तेव्हा मंडळी, दूतावासात पोराची नोंदणी करा. आणि सल्ल्यात 'विचार करावा' दिसलं, की घरी त्याचा अर्थ एकच लावा : बॅग भर, निघ.