आशेवरचा अफूचा आरोप

जुलमी राजवटीत देवावर हवाला ठेवून जगणारा माणूस शेवटी त्या राजवटीच्याच सोयीचा ठरतो, हे मत आपल्याकडे सिद्धांतासारखे मांडले जाते. त्याला दोन आधार दिले जातात. एक मार्क्सचा: धर्म ही जनतेची अफू. दुसरा घरचा: इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी संतांवर ठेवलेला ठपका, की लोकांना टाळ-मृदंगाच्या नादी लावून त्यांनी महाराष्ट्र पंगू केला. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथात नेमकी उलट बाजू मांडली होती. तरी व्याख्यानांत आणि चर्चांत ठपकाच अधिक ऐकू येतो.

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. दैव आणि पूर्वकर्म सांगून लोकांना गप्प बसवले गेले, पुढच्या जन्माच्या भरवशावर या जन्मीची वेठ करवून घेतली गेली, हे नाकारता येत नाही. पण यातून आशेचा गैरवापर होतो एवढेच सिद्ध होते. आशा बाळगणारा गप्प बसतो, हे सिद्ध करायला माणसे दाखवावी लागतील. आणि माणसे पाहायला पुण्याजवळच्या शिक्रापूरहून फार लांब जावे लागत नाही.

तळेगाव ढमढेरे, न्हावरे करत चौफुल्याकडे गेले की दौंड तालुक्यातले केडगाव येते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन इथले. रमाबाईंविषयी प्रचलित मत असे, की हंटर आयोगापुढे साक्ष देणारी, १८८९च्या मुंबई काँग्रेसला प्रतिनिधी म्हणून गेलेली ही तेजस्वी बाई पुढे धर्मात बुडाली आणि सार्वजनिक जीवनातून बाजूला झाली. १८९७ साल हे मत टिकू देत नाही.

त्या वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ होता आणि पुण्यात प्लेग. रमाबाईंचे आईवडील १८७४च्या सुमारास दुष्काळातच अन्नावाचून गेले होते. ती आठवण उरी घेऊन त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर राहुट्या ठोकल्या. परंतु त्या केवळ अन्नछत्र घालून थांबल्या नाहीत. सरकारी मदतछावण्यांत आणि अनाथगृहांत बायकांची काय दशा होते, तिथल्या पुरुषांपासून मुलींना कसा धोका असतो, हे त्यांनी लिहून प्रसिद्ध केले. मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून पुण्याच्या प्लेगव्यवस्थेत स्त्रियांच्या अब्रूची कशी हेळसांड होते हे मांडले, आपल्याच आश्रयाला असलेल्या एका मुलीच्या वाट्याला काय आले तेही सांगितले. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने त्यांचे म्हणणे फेटाळले, पण बाई हटल्या नाहीत.

यावर आक्षेप येईल, की रमाबाई ख्रिस्ती, म्हणजे राज्यकर्त्यांच्याच, धर्मात गेल्या होत्या आणि १९१९ साली त्याच सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. आक्षेपातली माहिती खरी आहे. पण तिने आरोप उलटतो. ज्यांचा धर्म त्यांचाच अंमल, अशा स्थितीत मुकाट राहणे सर्वांत सोपे आणि फायद्याचे होते. नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंच्या खटल्यातही त्यांनी इंग्रजी न्यायालयाची बाजू घेतली नव्हती. एका हतबल स्त्रीविरुद्ध इंग्रज सरकार आणि हिंदू कायदा एक झाले, असे त्यांनी १८८७ साली एका इंग्रज बाईंनाच कळवले होते. सरकारपेक्षा मोठा न्यायाधीश आहे, अशी ज्याची खात्री असते त्याला सरकारचा धाक पुरत नाही.

आता शिक्रापूरहून पुण्याच्या दिशेने कोरेगाव भीमा. इथला पेच अधिक अवघड आहे, कारण इंग्रज फौज १८१८ साली इथे जिच्याशी लढली ती दुसऱ्या बाजीरावाची राजवट स्वतःच धर्मनिष्ठ म्हणवणारी होती. रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई आणि मामलती इजाऱ्याने देऊन रयत नागवली जाई. पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्यांना गळ्यात मडके अडकवून फिरावे लागे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जातिउच्छेदावरील प्रबंधात नोंदवले. इथे धर्म जुलमाच्या बाजूला उभा होता. १ जानेवारी १९२७ रोजी त्या लढाईच्या स्तंभापाशी आलेल्या बाबासाहेबांना हे कोणी शिकवायला नको होते. मग त्यांनी काय केले? जुना धर्म टाकला, पण आशा टाकली नाही. बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ला, नागपूरच्या भाषणात त्यांनी सांगितले, की धर्माची खरी गरज गरिबाला आहे, कारण तो आशेवर जगतो आणि जीवनाचे मूळ आशेत आहे. केवळ भाकरीचा हिशेब मांडणाऱ्यांना त्यांनी दिलेले हे उत्तर आहे. अफूचा सिद्धांत उगाळणाऱ्यांनी तरी ते नजरेआड करू नये. मार्क्सनेही त्याच परिच्छेदात धर्माला पिडलेल्या जिवाचा उसासा म्हटले आहे, ते बहुधा वगळले जाते.

राहिला राजवाड्यांचा ठपका. तुकोबांची पालखी दरसाल यवत, वरवंड करत याच दौंड तालुक्यातून पंढरीला जाते. त्या वाटेवरचा सर्वांत पिडलेला संत चोखामेळा. मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून तो १३३८ साली गेला, अशी परंपरा आहे. त्याच्या काही अभंगांत पूर्वकर्माची भाषा येते आणि टीकाकार तेवढीच दाखवतात. पण इतर अभंगांत तो विठ्ठलालाच जाब विचारतो. अस्पृश्य म्हणून मंदिराच्या दाराबाहेर उभे राहूनही त्याने आत येण्याचा हक्क सोडला नाही. तो हक्क इतकी शतके लोकांच्या तोंडी राहिला, म्हणून मे १९४७मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात दहा दिवस उपोषण करून तो मागता आला आणि मंदिर उघडले. गुरुजी त्याच विठ्ठलाचे भक्त होते आणि त्याच विठ्ठलाच्या नावाने ते अडून बसले.

या तिन्ही उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याला न्यायाची अपेक्षाच उरली नाही, तो तक्रारही करत नाही; ‘चालायचंच’ म्हणतो आणि खाली मान घालतो. जुलमी सरकारला असाच माणूस हवा असतो. जग असे असायला नको होते, असे मनोमन मानणारा माणूस मात्र अन्यायाला अन्याय म्हणत राहतो. दाद मागायची सगळी दारे बंद असली तरी त्याची फिर्याद मरत नाही.

म्हणून आशेची पारख एकाच प्रश्नाने करावी: ती दुःख झाकायला लावते की सांगायला लावते? झाकायला लावणाऱ्या आशेवर, ती कोणत्याही मठातून, चर्चमधून वा मंत्र्याच्या व्यासपीठावरून येवो, टीका झालीच पाहिजे. पण केडगावची राहुटी, नागपूरची दीक्षाभूमी आणि चोखोबाची समाधी यांना त्याच शिक्क्याखाली मोडीत काढणे हा इतिहासाचा अपलाप आहे. पिडलेल्याच्या हातात उरलेले शेवटचे बळ काढून घेण्याआधी टीकाकाराने त्याला दुसरे बळ द्यावे. ते देता येत नसेल तर निदान त्याची फिर्याद ऐकावी.