फादर जोर्दानसांचा फणस आणि उल्हासचे पाणी

ठाण्याच्या चार रक्तसाक्ष्यांची कथा आपल्या धर्मग्रामांना परिचित आहे. १३२१ सालच्या एप्रिलमध्ये तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स व सिएनाचे पीटर हे फ्रान्सिस्कन संन्यासी आणि त्यांचे दुभाषी तिफ्लिसचे दिमित्री यांनी ठाण्यात प्राणार्पण केले. त्यांचे सहप्रवासी, डॉमिनिकन संघाचे फादर जोर्दानस, त्या वेळी ठाण्याबाहेर होते. त्यांनी नंतर ते पवित्र देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. एवढे आपण जाणतो. परंतु याच जोर्दानसांनी पुढे लॅटिन भाषेत पूर्वेकडील नवलांविषयी एक छोटेखानी ग्रंथ लिहिला आणि त्यात झाडांना बरीच जागा दिली, हे सहसा कोणी सांगत नाही. हेन्‍री यूल यांनी १८६३ साली त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.

जोर्दानसांनी पाहिलेला फणस पाच माणसांना पुरेल एवढा होता. आंब्याच्या गोडीपुढे त्यांची लेखणी थिटी पडली. नारळाला एकाच वेळी फूल आणि सर्व वयांची फळे असतात, हे त्यांनी बारकाईने टिपले, आणि ताडामाडाच्या रसाचीही दखल घेतली. (आपल्या आज्या फुग्यांचे पीठ ताडीने आंबवीत, त्या ताडीची ही जुनी नोंद म्हणावयास हरकत नाही.) सोबत्यांना मूठमाती देऊन परक्या किनाऱ्यावर राहिलेला हा मनुष्य झाडांकडे इतक्या प्रेमाने पाहू शकला, याचे मला फार कौतुक वाटते. १३२९ साली पोपमहोदयांनी त्यांना कोल्लमचे बिशप नेमले.

त्यांनी वर्णिलेली बहुतेक अन्ने एकदा लावून पिढ्यान्‌पिढ्या खाण्याची होती. पुढे पोर्तुगीज काळात काजू, पेरू, सीताफळ ही अमेरिकेतील झाडे येऊन त्यांच्या शेजारी रुजली. अशा बहुवर्षायू पिकांचा नदीशी संबंध साधा आहे. आपल्याकडचा पाऊस चार महिन्यांत सारा कोसळतो. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरीसाठी दर वर्षी माती मोकळी केली की पहिल्याच सरींबरोबर ती ओढ्यात जाते, आणि शेतात टाकलेला युरियाही पाण्यासोबत वाहतो. झाडाची मुळे मात्र बाराही महिने जागेवर असतात. पडलेला पाचोळा थेंबाचा मार सोसतो, पाणी मुरते, गाळ अडतो. काठावरचे उंबर, करंज, जांभूळ हे तर नदीचे कुंपणच.

हे कुंपण कसे मोडले? भाताच्या राबासाठी शेतकरी झाडांच्या फांद्या छाटीत आलाच होता; पण ते झाड पुन्हा फुटे. १८५४ साली आगगाडी कल्याणला पोहोचली आणि जंगलाच्या लाकडाला मुंबईची बाजारपेठ खुली झाली. मग वीटभट्ट्या आल्या. त्यांना काठाची माती हवी असे. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले, १९६४ नंतर डोंबिवलीत औद्योगिक वसाहत वाढली. अंबरनाथच्या हजार वर्षांच्या शिवालयाजवळून वाहणारी वालधुनी तर पुढे सांडपाण्याचा नालाच होऊन बसली.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कारखान्याचे रसायन आणि शहराचा मैला फणस-जांभळाने शुद्ध होत नाही. त्यासाठी प्रक्रिया केंद्रे आणि कायद्याचा बडगा लागतो. रेल्वेरुळांलगत गटाराच्या पाण्यावर पोसलेले अळू हिरवेगार दिसले तरी ताटात घेऊ नये, तेही याच कारणाने. झाडांचे काम वरच्या खोऱ्यात आहे. राजमाचीच्या डोंगरापासून बदलापूरपर्यंत उल्हास जी माती आणि जे खत उचलते, ते तेथेच अडवायचे. कल्याण-डोंबिवलीचे लोक या नदीचेच पाणी पितात. आपले पाणी जेथे शुद्ध होते, त्या बदलापूरनजीकच्या एका केंद्राचे गावही ‘जांभूळ’च!

असे प्रयत्न झालेले आहेत. मणिभाई देसाईंच्या ‘बाएफ’ संस्थेने १९८२ साली गुजरातेत वांसदा येथे आदिवासी कुटुंबांसाठी ‘वाडी’ उभी केली: उतारावर आंबा-काजूची कलमे, कडेने वनझाडे, मधल्या पट्ट्यांत घरचे धान्य. पुढे ती पद्धत आपल्या जव्हारकडेही आली. १९९० साली महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी फळबागा जोडल्या. जगातही शोध चालू आहे. अमेरिकेत कॅन्सास राज्यातील ‘लँड इन्स्टिट्यूट’ १९७६ पासून बहुवर्षायू धान्याच्या मागे आहे. तेथील ‘कर्न्झा’ हे लांब मुळांचे धान्य मिनेसोटात विहिरींच्या पाण्यात नायट्रेट उतरू नये म्हणून पेरले जाते. चीनच्या युन्नान प्रांतात एकदा लावून काही वर्षे कापता येणारे भात २०१८ पासून शेतकऱ्यांच्या हाती आहे. कोकणच्या खाचरात ते येईल तेव्हा येईल. फणस मात्र सातशे वर्षांपूर्वीही येथे होता.

पण झाड उभे राहते ते त्याचे फळ कोणी विकत घेते म्हणून. बदलापूरच्या जांभळाला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले आहे. जूनच्या तोंडावर आदिवासी भगिनी पानांच्या द्रोणांतून जांभळे घेऊन स्थानकाबाहेर बसतात. त्यांच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्यांनी एक हिशेब ध्यानात घ्यावा. वीटभट्टीवाला मातीचे पैसे त्याच हंगामात मोजतो, जागेचा दलाल तर आगाऊ देतो. आणि बीपासून लावलेले जांभूळ फळावर यायला आठ-दहा वर्षे लागतात.