गवतरानातील नाट्यगृह आणि एका प्राध्यापकाचे दप्तर

माणूस गेल्यावर त्याच्या घरी दोन प्रकारचा ऐवज उरतो. एक घरदार, जमीनजुमला, भांडीकुंडी. दुसरा त्याचे कागद. पहिल्यासाठी भावाभावांत कज्जे होतात, दुसऱ्यासाठी रद्दीवाल्याला हाक मारली जाते. शिक्षकाच्या घरी पहिला ऐवज बहुधा बेताचाच असतो आणि दुसरा मात्र ट्रंका भरून. म्हणूनच शिक्षकाची खरी कमाई पुष्कळदा किलोच्या भावाने जाते.

अमेरिकेतील एका प्राध्यापकाच्या बाबतीत असे झाले नाही. त्यांचे नाव आल्फ्रेड आरवोल्ड. शेतकी कॉलेजात वक्तृत्व आणि नाटक शिकवण्यात त्यांनी सारा जन्म घालवला आणि खेड्यातील माणसांसाठी एक छोटेसे नाट्यगृह उभे केले. त्यांचा पत्रव्यवहार, भाषणे, नाट्यसंहिता, कार्यक्रमपत्रिका, कात्रणे आणि छायाचित्रे त्यांच्याच कॉलेजच्या, म्हणजे आजच्या नॉर्थ डाकोटा राज्य विद्यापीठाच्या दप्तरखान्यात जतन केलेली आहेत. नॉर्थ डाकोटातील नाटकवाल्याशी आपला काय संबंध, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. तो संबंध काय आहे, हेच या लेखात सांगायचे आहे.

विखुरलेली घरे

नॉर्थ डाकोटा हे अमेरिकेच्या अगदी उत्तरेचे, कॅनडाला लागून असलेले राज्य. ते १८८९ साली राज्य झाले आणि लगेच १८९० साली फार्गो या गावी तेथील शेतकी कॉलेज स्थापन झाले. ही मूळची डाकोटा आणि इतर आदिवासी जमातींची भूमी. ती त्यांच्या हातून गेल्यावर सरकारने ती वसाहतीला खुली केली. १८६२ च्या कायद्याप्रमाणे जो कोणी तेथे घर बांधून पाच वर्षे राहील आणि जमीन कसेल त्याला १६० एकर जमीन मिळे. नॉर्वे, आइसलँड, रशियातील जर्मन वस्त्या अशा दूरदूरच्या ठिकाणांहून कुटुंबे आली. १९१० च्या जनगणनेत राज्याची वस्ती ५ लाख ७७ हजारांवर होती. त्यांतील दर दहांपैकी सुमारे सात माणसे स्वतः परदेशात जन्मलेली किंवा परदेशातून आलेल्या आईबापांची मुले होती.

या कायद्याचा एक परिणाम आपल्याकडील माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही. आपल्याकडे शेते गावाबाहेर आणि घरे गावठाणात असतात. मशीद, देऊळ, पार, चावडी, विहीर ही सारी हाकेच्या अंतरावर. डाकोटात प्रत्येकाने आपापल्या १६० एकरांत राहायचे होते, त्यामुळे शेजाऱ्याचा दिवा अर्धा मैलावर. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरे. बर्फाने रस्ते बंद झाले की आठवडेच्या आठवडे दुसऱ्या माणसाचे तोंड दिसत नसे. त्यातून शेजारी नॉर्वेजियन, तर पलीकडचा जर्मन. भाषाही एक नाही. तरुण मुले शहराकडे धावू लागली. १९०८ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ग्रामीण जीवनाची पाहणी करायला एक आयोग नेमला. त्या आयोगानेही पिकापाण्याबरोबर या एकाकीपणाची दखल घेतली.

आरवोल्ड मूळचे विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर गावचे. त्यांचे शिक्षण विस्कॉन्सिन विद्यापीठात झाले आणि १९०७ साली ते फार्गोच्या शेतकी कॉलेजात रुजू झाले. गहू, गुरे आणि यंत्रे यांचे शिक्षण देणाऱ्या संस्थेत वक्तृत्वाच्या मास्तरचे स्थान काय असणार, याची कल्पना कोणालाही करता येईल. पण त्यांच्या वर्गात बसणारी मुले शेतकऱ्यांची होती. आपले गाव कंटाळवाणे का वाटते, तेथे रात्री माणसे काय करतात, हे त्यांना या मुलांकडून समजत गेले. पीक चांगले आले तरी माणूस गाव सोडतो, कारण तेथे त्याला चार माणसांत बसायला मिळत नाही, असे त्यांचे मत बनले.

जुन्या प्रार्थनागृहाचे नाट्यगृह

कॉलेजच्या मुख्य इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक जुने, कळकट प्रार्थनागृह होते. आरवोल्ड यांनी ते मागून घेतले आणि तेथे 'लिटल कंट्री थिएटर' म्हणजे 'खेड्याचे छोटे नाट्यगृह' सुरू केले. १० फेब्रुवारी १९१४ रोजी ते उघडले. बाल्कनी नाही, खास पाहुण्यांच्या पेट्या नाहीत. रंगमंचाची कमान १५ फूट रुंद आणि १० फूट उंच. खिडक्यांना साधे हिरवे पडदे.

हा साधेपणा पैशाच्या अभावी आलेला नव्हता, तो हेतुपुरस्सर ठेवलेला होता. खेड्यात शाळेची एखादी खोली असते, चर्चचे तळघर असते, फार तर कोठाराचा माळा असतो. विद्यार्थी फार्गोला जे पाहील ते त्याला आपल्या गावी जाऊन त्या खोलीत करता आले पाहिजे, असा आरवोल्ड यांचा आग्रह होता. म्हणून देखाव्यासाठी खोके, पिंप, झाडाची फांदी, रंगीत कागद आणि चार वार कापड यांवर भागवायचे. फार्गोचे नाट्यगृह हे नमुन्याचे शेत आणि खरे पीक गावोगाव काढायचे, असा हा हिशेब. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत शेतकी विस्तार-सेवेचा कायदा झाला आणि कॉलेजातील ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेण्याची रीतसर सोय झाली. आरवोल्ड यांनी सुधारित बियाण्याबरोबर नाटकही बांधापर्यंत नेले, असे म्हणायला हरकत नाही.

त्यासाठी टपालखाते त्यांच्या कामी आले. गावातील शिक्षिका, शेतकऱ्याची बायको किंवा एखादा पाद्री पत्र लिही : आमच्याकडे अमुक सण आहे, इतकी माणसे आहेत, काय करता येईल? कॉलेजातून नाटकाची पुस्तके, वादविवादाचे मुद्दे, कात्रणे आणि सूचना यांचे एक पुडके रवाना होई. आज दप्तरखान्यातील पत्रव्यवहाराचे मोल आहे ते यासाठी. मोठ्या माणसांना आलेली मोठ्या माणसांची पत्रे सर्वत्र जपली जातात, पण खेड्यातील सामान्य माणसाने काय मागितले, हे फार थोड्या कागदांत सापडते.

विद्यार्थ्यांनी स्वतः नाटके लिहावीत, हाही त्यांचा आग्रह. सेसिल बेकर या विद्यार्थ्याने शहरात जाऊन पडलेल्या शेतकऱ्यावर नाटक लिहिले. जॉन लँग याने 'द प्रेअरी वुल्फ' नावाचे नाटक लिहिले. आइसलँडमधून आलेल्या घरांतील वीसएक तरुण-तरुणींनी एक प्रसंग उभा केला. तीस वर्षांपूर्वीच्या आइसलँडमधील शेतकऱ्याचे घर, आजी सूत काततेय, कोणी जुन्या कथा वाचतोय, असा तो देखावा. आईबाप जे मागे टाकून आले, ते मुलांनी रंगमंचावर आणले. 'आपल्या घरचे बोलणे, आपल्या घरची रीत ही लाजायची गोष्ट नाही' हे त्या मुलांना कोणी व्याख्यान देऊन सांगितले असते तर कितपत पटले असते?

हे सारे आरवोल्ड यांनी १९२२ साली न्यूयॉर्कच्या मॅकमिलन कंपनीने काढलेल्या पुस्तकात मांडले आहे. पुढे त्यांनी शेकडो माणसांना घेऊन उघड्यावर भव्य ऐतिहासिक देखावे बसवले, व्याख्याने आणि गायनाच्या कार्यक्रमांची मालिका चालवली. नाट्यगृहावरच्या माळ्यावर लाकडी ओंडक्यांची खोली करून तिला अब्राहम लिंकन यांचे नाव दिले. फार्गो ते ग्रँड फोर्क्स या रस्त्याच्या कडेने लायलॅकची झुडपे लावण्याची मोहीमही त्यांनी काढली. १९५३ साली ते निवृत्त झाले आणि १९५७ साली वारले. १९६० साली कॉलेजचे विद्यापीठ झाले आणि १९६८ साली नाट्यगृहाला नवी इमारत मिळाली.

नाटकाने काय साधले, काय नाही

गुणगान करताना हिशेबही मांडला पाहिजे. नाटकामुळे मुले गावातच राहतील, ही आरवोल्ड यांची आशा पुरी झाली नाही. १९३० साली नॉर्थ डाकोटाची वस्ती ६ लाख ८० हजारांवर गेली होती. नंतरच्या दशकात दुष्काळ, धुळीची वादळे आणि धान्याचे पडलेले भाव यांनी शेतकरी मोडला, आणि १९४० साली ती ६ लाख ४२ हजारांच्या आत आली. कर्जाने जमीन गेलेल्या माणसाला नाटक थांबवू शकत नाही. पण जो राहिला तो एकटा राहिला नाही, आणि जो गेला तो चार माणसांपुढे उभे राहून बोलायला शिकून गेला. शिक्षणाकडून याहून अधिक काय मागावे?

त्याच राज्यातील आपली माणसे

याच राज्याच्या वायव्येला रॉस नावाचे लहानसे गाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेव्हाच्या उस्मानी साम्राज्यातील सीरिया-लेबनॉन भागातून काही मुस्लिम कुटुंबे तेथे आली आणि त्याच १६० एकरांच्या कायद्याखाली शेती करू लागली. आधी ते घरोघरी नमाज पढत. १९२९ साली त्यांनी अर्धी जमिनीत बांधलेली एक साधी मशीद उभारली. नमाजासाठी मुद्दाम बांधलेल्या अमेरिकेतील अगदी पहिल्या मशिदींत तिची गणना होते. पुढे मुले शहरांकडे गेली, वापर थांबला आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती मोडकळीस आलेली इमारत पाडण्यात आली. उरले ते कबरस्तान. २००५ साली तेथे एक छोटी नवी मशीद बांधण्यात आली.

त्या शेतकऱ्यांचे जीवन आज आपल्याला कळते ते कशामुळे? १९३० च्या दशकातील मंदीत अमेरिकन सरकारने बेकार लेखकांना काम दिले. त्यांतील काहींनी या मुस्लिम शेतकऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्या मुलाखती टिपून घेतल्या. ते कागद राज्याच्या इतिहास-संस्थेत राहिले. मशिदीच्या भिंती गेल्या, पण बोललेला शब्द कागदावर होता म्हणून वाचला.

आपल्या संस्थेचे कागद

आता आपल्याकडे येऊ. नाटक म्हटले की आपल्यातील काही पालकांच्या कपाळाला आठी पडते. धर्माच्या दृष्टीने काही गोष्टी नकोत, असे ज्यांना प्रामाणिकपणे वाटते त्यांच्या भावनेचा मान राखलाच पाहिजे, आणि मर्यादा सांभाळून कार्यक्रम करण्यास वावही पुष्कळ आहे. संवाद, वादविवाद, इतिहासातील प्रसंगाचे वाचन यांना कोण नाही म्हणेल? पण 'नाटक म्हणजे अभ्यासाचे नुकसान' हा आक्षेप मात्र तपासून पाहावा. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९४४ साली पदवी घेतलेल्या हबीब तन्वीर यांनी १९५४ साली कवी नझीर अकबराबादी यांच्या काव्यावर 'आग्रा बाजार' हे नाटक बसवले. त्यात दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे विद्यार्थी-शिक्षक आणि शेजारच्या ओखला गावचे लोक एकत्र उभे राहिले. शिक्षणसंस्था आणि गाव यांच्यामधली भिंत आपल्याही लोकांनी अशी ओलांडलेली आहे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या जुन्या स्नेहसंमेलनाची माहिती हवी म्हणून मी तेथे गेलो होतो. शिपाईमामांनी माळ्याकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "सगळं होतं सर, पण गेल्या उन्हाळ्यात रंगकाम निघालं, तेव्हा रद्दीत घातलं." त्यांचा काय दोष? हे कागद कामाचे आहेत, असे त्यांना कोणीच सांगितले नव्हते.

जतन करायला मोठा निधी लागत नाही. दरवर्षीची कार्यक्रमपत्रिका, स्मरणिका आणि बक्षिसांची यादी यांची एक एक प्रत वेगळी ठेवावी. छायाचित्राच्या मागे शिसपेन्सिलीने वर्ष आणि डावीकडून उजवीकडे नावे लिहावीत. शाई नको, ती पुढे उमटते. टाचण्या गंजतात, त्या काढून टाकाव्यात. एका शिक्षकाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळू नयेत, कारण ते ज्या क्रमाने त्याने ठेवले होते त्या क्रमालाही अर्थ असतो. कपाट भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर असावे, म्हणजे ओल आणि वाळवी यांपासून बचाव होईल. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काय कोठे आहे याची यादी करावी. यादी नसलेले दप्तर आणि रद्दी यांत फारसा फरक नसतो.

विद्यार्थी मित्रहो, या सुट्टीत एक काम करा. घरातील दादा-दादी, नाना-नानी यांच्याजवळ वही घेऊन बसा. शाळेत पहिली मुलगी कोणाच्या घरची गेली, शाळेची खोली कोणी दिली, पहिल्या वर्षी फी कशी गोळा केली, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. खाली तारीख आणि नाव घाला आणि ती वही संस्थेच्या कार्यालयात आणून द्या. पालकांनीही घरची जुनी ट्रंक एकदा उघडावी आणि रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी संस्थेला कळवावे. आपल्या वडीलधाऱ्यांनी जे केले ते सांगायला उद्या ते नसतील. तेव्हा त्यांच्या बाजूने बोलायला निदान एक कागद तरी शिल्लक असावा.