बाहुल्यांच्या रात्रीचा मागोवा

आपण १८९२च्या कल्याणपासून निघू. महादेव गोपाळ पटवर्धन तिथे ‘शांबरिक खरोलिके’चे खेळ करीत: काचेवर रंगवलेली चित्रे, मागे दिवा, समोर पडदा. त्या खेळात रात्र हवी असेल तर ती कुंचल्यानेच आणावी लागे. वीस वर्षांनी धुंडिराज गोविंद फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि एका जागी रोवलेल्या कॅमेऱ्याने सुट्या चौकटी टिपत, महिनाभराहून अधिक काळ, त्याचा वेल होताना चित्रित केला. ‘अंकुराची वाढ’ ही फिल्म सुमारे मिनिटभराची. पण ती पाहूनच भांडवल देणारे पुढे आले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. १९१५ साली फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्याही चालवल्या. माझ्या मते बाहुल्या थोड्या थोड्या हलवत चौकट-चौकट टिपण्याच्या कलेची, म्हणजे स्टॉप मोशनची, किल्ली त्या वाटाण्याच्या कुंडीतच आहे: चौकटी सुट्या झाल्या की कॅमेऱ्याची घाई संपते.

त्या घाईमुळेच मूकपटांत खरी रात्र टिपणे अवघड होते. फिल्म मंद, म्हणून प्रसंग दिवसा चित्रित करायचा आणि पट्टी निळ्या रंगात बुडवायची. चांदणे निळे, ही सवय तेव्हाची. पुढे दिव्यांवर निळे जिलेटिन चढले, तरी ती टिकली. बाहुली मात्र स्थिर उभी राहते, तिच्यासाठी झडप दोन सेकंदही उघडी ठेवता येते. अडचण दिव्यांची होती. विजेचा दाब हलला की प्रत्येक चौकटीचा उजेड वेगळा पडे आणि पडद्यावर रात्र लुकलुके. पुढे २००५ साली ‘कॉर्प्स ब्राइड’ हा बाहुलीपट डिजिटल स्थिरचित्रण कॅमेऱ्यांवर चित्रित झाला आणि घरगुती टेबलालाही या कलेची दारे उघडली. मुंबईत सुरेश एरियत यांची ‘टोकरी’ ही लघुफिल्म याच वाटेवरची.

आज मुळशीतल्या भरे गावात कुणी खिडकीला काळे कापड लावून हे काम मांडले, तर शतकभराची ही शिदोरी त्याच्या हाती आहे. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११, झडप एक-दोन सेकंद, व्हाइट बॅलन्स आणि फोकस पक्के, स्वयंचलित काहीही नको. भिंगाचे अ‍ॅपर्चर दर चौकटीला उघडमिट करीत असेल तर तेवढ्यानेही लुकलुक येते. हाताने फिरवायचे जुने भिंग इथे उपयोगी पडते. बाहुलीच्या मागून निळसर दिव्याची कड, खिडकीत एक पिवळा दिवा, सावल्यांत थोडा तपशील उरेल इतका उजेड. काळोख नंतर संगणकावर गडद करता येतो, हरवलेला तपशील परत आणता येत नाही. आणि बाहुली हलवणाऱ्याने काळा सदरा घालावा. पांढऱ्या कापडावरून परतलेला उजेड दोन सेकंदांत चौकटीत स्पष्ट उमटतो.